नानांचा बुधवार

यज्ञेश्वरपंत पागनीस पडले ते श्रावणात, सकाळी मोरीत तोंड धुताना. हातातला तांब्या घरंगळत गेला, त्या आवाजाने माई धावत आली. पंत भिंतीला टेकून बसले होते, अगदी विसावा घ्यायला बसल्यासारखे.

"काय रे, घसरलास का?" माईने विचारलं. ती त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहत होती.

पंतांनी उत्तर दिलं. 'घसरलो नाही, पाय बधिर झालाय, विनायकला हाक मार' एवढं सगळं ते स्वच्छ बोलले. निदान त्यांना तसं वाटलं. पण माईचा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं की तिच्या कानावर काही भलतंच पडलंय.

"बुधवार?" माई म्हणाली. "आज शुक्रवार आहे रे. बुधवारचं काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, जोर लावून. या वेळी त्यांच्याही कानांनी ऐकलं. बुधवार, बुधवार. आवाज त्यांचाच होता, तोंडही त्यांचंच.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखा झाला होता. डॉक्टर खाटेशी उभे राहून त्यांच्या मुलाला, विनायकला, म्हणाले होते, "वाचा गेली. समजही राहिलेली दिसत नाही. लहान मूल समजून सगळं करा. फार आशा धरू नका." बोलण्यापूर्वी त्यांनी पंतांच्या डोळ्यांसमोर बोटं धरून "किती?" असं विचारलं होतं. बोटं तीन होती. पंतांना ती दिसली, मोजता आली, आणि तोंडातून बुधवार बाहेर पडला. तिथेच निकाल लागला.

पंत म्हणजे ग्वाल्हेर दरबारच्या जकात खात्यातले निरीक्षक. संस्थान मध्यभारतात विलीन झालं तेव्हा निवृत्त झाले. नोकरीत आणि घरात त्यांचं बोलणं मोजकंच. नाक्यावर गाडी थांबवायची तर ते नुसती मान वर करत. उज्जैनला फ्रीगंजच्या त्या भाड्याच्या घरात ते सगळ्यांचे नाना, आणि 'नानांना विचारलं का?' हे वाक्य दिवसातून अनेकदा उठायचं. पाहुण्यांना थांबवून घ्यायचं की नाही, पंचमीला काय करायचं, सगळं नानांना विचारून. श्रावण संपला आणि ते वाक्य घरातून गेलं. कुणी मुद्दाम बंद केलं नाही. गरजच उरली नाही.

आता त्यांच्यासमोर काहीही बोलत. अंग पुसताना दार उघडं राही. शेजारच्या बाई हिंग मागायला आल्या तर उंबऱ्यात उभ्या राहून बोलत, आणि पंत तसेच उघडे पडलेले असत. डाव्या हाताने पांघरूण ओढायला गेले की माई म्हणे, "बघा, चाळा लागलाय हाताला." भात भरवताना ती एका घासावर दुसरा घास ठेवी, कारण तिची पाठ दुखत असे आणि तिला लवकर उठायचं असे. ठसका लागला की जीव जातोय असं वाटे. थांब, एवढंच म्हणायचं असे. बुधवार.

एकदा सुनेने, प्रतिभाने, पाटी-पेन्सिल आणून त्यांच्या डाव्या हातात दिली. ती लग्नाआधी शाळेत शिकवायची, तिला सुचलं. पंतांच्या डोक्यात अक्षरं होती, पण हाताशी येईपर्यंत ती विरघळून जात. पाटीवर नुसत्या रेघोट्या उमटल्या. प्रतिभाने पाटी परत उचलली, आणि तिच्या तोंडावरचा तो भाव पंतांना डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. तिनेही आशा सोडली होती.

दसरा होऊन गेला तसा भोपाळचा विषय घरात आला. तो आणला शरच्चंद्र दिघेने. हा विनायकचा कचेरीतला मित्र, बांधकाम खात्यातला. दुपारी चहाला आला आणि पंतांच्या खाटेच्या पायथ्याशीच खुर्ची ओढून बसला.

"पक्कं झालं बरं का विनायक. नवीन राज्याची राजधानी भोपाळ, आणि आपल्या सेक्शनचा नंबर पहिल्यातच. आता ना ग्वाल्हेर, ना इंदूर. बोरिया-बिस्तर बांधा."

"राहायचं कुठे?"

"मी दोन जागा बघून आलोय. तुझ्यासाठी वरच्या मजल्यावरच्या खोल्या आहेत. जिना मात्र असा की धडधाकट माणूसही आडवा होऊन चढेल."

दोघांनी एकदमच खाटेकडे पाहिलं. पंतांनी ती नजर ओळखली. नाक्यावर अडकलेल्या मालाकडे लोक असं बघत.

"नदीपलीकडे ती धर्मशाळा आहे ना," शरच्चंद्र आवाज न उतरवताच म्हणाला, "बेवारशी म्हाताऱ्यांची. घरचे असलेल्यांनाही घेतात आता. तिथल्या मॅनेजरशी माझी पहचान आहे. नानांना काय रे, इथे काय आणि तिथे काय. कळतंय कुठे त्यांना?"

"बघू," विनायक म्हणाला. 'नाही' म्हणाला नाही.

पंतांनी ती धर्मशाळा पाहिली होती. महाराष्ट्र समाजातर्फे एका दिवाळीत फराळाचे डबे घेऊन ते गेले होते. एका लांब पडवीत खाटांची ओळ. एका म्हाताऱ्याच्या ओठांवर माश्या बसल्या होत्या आणि तो त्या हाकलत नव्हता. दुसऱ्याला एक सेवक नाक दाबून पेज पाजत होता. तिसऱ्याचा हात खाटेला फडक्याने बांधलेला होता. तो पंतांकडे एकटक बघत एकच आवाज काढत राहिला होता, दारावर काठी आपटावी तसा. पंत तेव्हा सोबतच्या माणसाला म्हणाले होते, "बरं आहे, यांना काही कळत तरी नाही."

आता खाटेवर पडल्या पडल्या तो आवाज त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागला. त्या ओळीतल्या किती जणांना सगळं कळत होतं? तो बांधलेला माणूस काय सांगत होता? त्यांच्या तळहाताला घाम फुटला, फक्त डाव्या.

तेव्हापासून भीती घरात राहायला आली. रस्त्यावर टांगा थांबला की छाती धडधडे. टांगा पुढे गेला की थोडा वेळ बरं वाटे, मग पुन्हा कान लागत. विनायक आणि प्रतिभा स्वयंपाकघरात बोलत तेव्हा ते श्वास रोखून ऐकत. एकदा प्रतिभाचा थकलेला आवाज आला, "देव सोडवेल तर बरं हो. त्यांनाही आणि आपल्यालाही." ती वाईट नव्हती. सकाळपासून तिने त्यांचे कपडे धुतले होते, तिची बोटं साबणाने उलली होती. ते ठाऊक असूनही पंतांनी त्या दिवशी तिच्या हातून पाणी घेतलं नाही. ओठ घट्ट मिटून पडून राहिले. ती म्हणाली, "आता पाणीही गिळता येत नाही वाटतं."

आपण शहाणे आहोत हे दाखवायला हवं, नाहीतर गेलो. पंतांनी जंग जंग पछाडलं. विनायक समोर आला की त्याचा सदरा धरून ते सांगत. मला तिथे टाकू नकोस, मला सगळं कळतंय. शब्द मात्र तोच. जितकी भीती जास्त तितका तो वेगाने येई, बुधवार बुधवार बुधवार, आणि जितका वेगाने येई तितके ते वेडे दिसत. हे त्यांनाही दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

शेवटी अर्थ लावला माईने.

"अरे, मी पण किती बावळट! बुधवार म्हणजे चिंतामण गणपती! इकडे बुधवारच त्याचा वार. यज्ञेश्वराने नवस बोललेला असणार. फेडायचा राहिला म्हणून जीव घुटमळतोय त्याचा. विनायक, भोपाळला जायच्या आधी एका बुधवारी चिंतामणाला नेऊन आण बाबा."

नवस वगैरे काही नव्हता. पण विनायकला ते पटलं. वडिलांसाठी काहीतरी करता येण्यासारखं आहे, या विचाराने त्याचा चेहराही उजळला.

बुधवारी सकाळी प्रतिभाने एक बोचकं बांधलं. पंत खाटेवरून बघत होते. दोन धोतरं, एक जुनी चादर, टॉवेल, त्यांचा पितळी पेला. देवळात जायला पेला कशाला? चादर कशाला? दारात टांगा थांबला आणि विनायक आत येऊन म्हणाला, "चला नाना, बाप्पाला जायचंय ना?" लहान मुलाला सुई टोचायला नेताना बोलतात त्या गोड आवाजात.

पंतांनी खाटेचा गज धरला. विनायक आणि टांगेवाला दोघांना मिळून त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. "बा साब, डरो मती," टांगेवाला म्हणत होता. "घोड़ी सीधी है म्हारी." चौकटीतून जाताना पंतांनी चौकट धरली. तीही सोडवली. सोडवणारेच बिचारे दमले, असं शेजारच्या बाई म्हणाल्या.

टांग्यात मागे पंतांना मध्ये घेऊन माई आणि प्रतिभा बसल्या, विनायक पुढे. देवास गेट गेलं. जुन्या शहरातली दुकानं उघडत होती, जिलेबीची कढई चढली होती, लोक आपापल्या कामाला लागले होते. कुणाला हाक मारावी? मारली तर ऐकू काय जाणार? नदीवरचा पूल आला. पंतांना रस्ता पाठ होता. पुलापलीकडे थोडं गेलं की चिंतामणाचा रस्ता सरळ आणि धर्मशाळेचा उजवीकडे. त्यांनी मान वळवून घोडीच्या कानांकडे नजर लावली. सरळ, सरळ, सरळ.

"भैया, ज़रा दाहिने ले लो," विनायक म्हणाला. "दो मिनट का काम है."

टांगा वळला.

मग काय झालं ते पंतांना नीट आठवत नाही. डाव्या हाताने त्यांनी टांग्याचा दांडा धरून स्वतःला बाहेर ओढलं. माईच्या मांडीवरून अर्धं अंग चाकावर लोंबकळलं. माई किंचाळली. प्रतिभाने दोन्ही हातांनी त्यांची कंबर पकडली आणि टांगा धर्मशाळेच्या फाटकाशी थांबला. धोतर ओलं झालं होतं. मांडीवरून गरम धार खाली गेली आणि टांग्याच्या फळीवरून रस्त्यावर ठिबकली.

"धरून ठेव त्यांना," विनायक घाबरून म्हणाला. "मी मॅनेजरला एक शब्द विचारून आलोच." आणि तो फाटकातून आत गेला. वडिलांकडे त्याने पाहिलं नाही.

प्रतिभाने पंतांना आत ओढून बसवलं. त्यांचं तोंड तिच्याकडे होतं. ते बोलत नव्हते. ते फाटकाकडे बघत होते आणि त्यांचे दात वाजत होते. प्रतिभाने त्यांच्या नजरेमागे नजर नेली. फाटक. पडवी. खाटा. मग पायाशी पडलेलं बोचकं तिला दिसलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"मामंजी," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला ही जागा ठाऊक आहे?"

"बुधवार," पंत म्हणाले.

"नका बोलू. बोलू नका." तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. "मी विचारते. हो असेल तर हात दाबा. नसेल तर ढिला सोडा. तुम्हाला वाटतंय आम्ही तुम्हाला इथे ठेवून जाणार?"

पंतांनी हात दाबला. इतका की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

"अगं, आकडी येतेय त्याला," माई म्हणाली.

"थांबा हो माई. मामंजी, माझं नाव अहल्या आहे?"

हात ढिला पडला.

"प्रतिभा आहे?"

हात दाबला गेला.

"आज शनिवार आहे?" ढिला. "ह्यांना भोपाळला जायचंय?" दाबला. "शरच्चंद्र भाऊजी आले होते तेव्हाचं…" तिने वाक्य पुरं केलं नाही. हात दाबलेलाच होता. तिच्या डोळ्यांत हळूहळू काय येतंय ते पंतांनी पाहिलं. ती मागचे सगळे दिवस आठवत होती. आपण कुठे उभ्या होतो, काय काय बोललो, दार उघडं होतं की बंद.

"ते पण ऐकलंत? मी म्हणाले ते? देवाने सोडवावं ते?"

पंतांनी क्षणभर विचार केला. मग दाबला.

प्रतिभा रडली नाही. पदराने त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आज देवळातच चाललो होतो. बोचकं बदलायच्या कपड्यांचं आहे. पण खोटं नाही सांगत, मामंजी. इथलं बोलणं झालंय. रविवारी आणायचं ठरत होतं. मलाही माहीत होतं."

भीती काही कमी झाली नाही. उलट ते अंधारात जे चाचपत होते, ते आता समोर उभं राहिलं. तरीही कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना खरी बातमी दिली होती. ते श्वास घेत राहिले.

विनायक परत आला, सोबत मॅनेजर. साठीचा, थकलेला, चांगला माणूस दिसत होता. त्याने पंतांच्या डोळ्याची पापणी वर करून पाहिली आणि विनायकला विचारलं, "कपड़ों में ही करते हैं? खाना अपने हाथ से?"

"उन्हीं से पूछिए," प्रतिभा म्हणाली.

"किनसे?"

"इन्हीं से. सब समझते हैं." मग विनायककडे वळून, "अहो, इकडे या. नानांचा हात धरा."

"प्रतिभा, इथे तमाशा नको."

"हात धरा म्हणते ना!"

रस्त्यात नवऱ्यावर ओरडलेली सून माईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. विनायकने हात धरला. प्रतिभाने सांगितलं तसं त्याने विचारलं, आधी अविश्वासाने, फालतू काहीतरी. आईचं नाव कुसुम होतं का? दाबला. माझा जन्म ग्वाल्हेरचा? ढिला, कारण तो इथलाच, उज्जैनचा. मग विनायकने विचारलं, "नाना, तुम्हाला इथे राहायचंय?"

पंतांनी हात सोडला. नुसता ढिला नाही, झटकून ओढून घेतला आणि छातीशी धरला.

मॅनेजर वळला. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला, प्रतिभाकडे देऊ लागला, मग थबकला आणि पंतांसमोर धरून म्हणाला, "पानी लेंगे, बाबूजी?"

चिंतामणाला ते गेलेच, माई ऐकेना. देवळाच्या आवारात आडोशाला प्रतिभाने विचारलं, "धोतर बदलायचं ना? माई चादर धरतील, हे बदलतील. मी पाठ करते." पंतांनी हात दाबला. चादर धरताना माईने मान वळवून घेतली. एवढे दिवस भावाला ती काय काय बोलली होती ते तिलाही आता आठवायला लागलं होतं.

घरी आल्यावर विनायक दोन दिवस वडिलांच्या खोलीत फिरकला नाही. उचलायला तेवढा यायचा, खाली मान घालून. मग एका संध्याकाळी खाटेच्या कडेला येऊन बसला. "नाना, मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "अजूनही घाबरलोय. तिथे तुम्हाला चढवणार कसं, सांभाळणार कोण, मला काही सुचत नाही." पंतांना म्हणायचं होतं, मलाही सुचत नाही रे. बुधवार, असं आलं. विनायकने ते ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याला दुरुस्त न करता मान हलवली.

दिवाळीच्या तोंडावर नवीन राज्य झालं आणि विनायक एकटाच भोपाळला गेला. प्रतिभा आणि माई पंतांजवळ राहिल्या. चादर अंगाखाली घालून दोघींनी मिळून कूस कशी वळवायची ते प्रतिभा दवाखान्यातल्या नर्सकडून शिकून आली. सकाळी खोलीत आली की आधी दार लोटून घ्यायची आणि दिवसभरात काय काय होणार ते पंतांना सांगायची. आज न्हावी येईल. आज अंथरूण उन्हात टाकू, तेवढा वेळ खुर्चीत बसाल. आज ह्यांचं पत्र आलंय, वाचू? घरात सगळंच गोड झालं असं नाही. कंटाळली की ती भांडी आपटायची, आणि माई मधूनच विसरून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची, मग जीभ चावायची. टांगा थांबला की पंतांची छाती अजूनही धडधडे. एकदा उठलेली भीती माणसाला एका दिवसात सोडत नाही.

उन्हाळ्यात विनायकला तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर मिळालं. तो घ्यायला आला, पण सामानाला हात लावला नाही. वडिलांचा हात धरून बसला. "नाना, जागा खाली आहे, जिना नाही. पण शहर परकं आहे, आणि डॉक्टर लांब. चलायचं का? नाही म्हणालात तर मी असाच येत-जात राहीन."

पंत भिंतीवरच्या उन्हाकडे बघत राहिले. त्यांना भोपाळची भीती वाटत होती. गाडीची, अनोळखी भिंतींची, तिथे मरण्याची. विनायक वाट बघत राहिला. चहा आला, निवला, माईने तो परत गरम करून आणला. स्वयंपाकघरात प्रतिभाने भांडी वाजू दिली नाहीत. ऊन भिंतीवरून उतरून गेलं, आणि मग पंतांनी मुलाचा हात दाबला.

गाडीत त्यांना खिडकीशी बसवलं होतं. मक्सी स्टेशन सुटल्यावर उज्जैनच्या बाजूचं ओळखीचं काहीच बाहेर उरलं नाही, तेव्हा त्यांचा श्वास जोरात चालू लागला. प्रतिभाने वारा घालत विचारलं, "भीती वाटते, मामंजी?"

त्यांनी हात दाबला.

"मलाही," ती म्हणाली, आणि वारा घालत राहिली. "आता शुजालपूर येईल. मग सिहोर. मग उतरायचं."